निषेधरूप आवाहन : 'मत देऊ नका' या जाहिरातींचे परीक्षण

१

२००८ च्या ऑक्टोबर महिन्याच्या आरंभी, अमेरिकेतील अध्यक्षपदाच्या निवडणुकीस जेमतेम महिना उरला असता, तेथे एक लहानसा जाहिरातपट प्रसृत झाला. लिओनार्डो डिकॅप्रिओ, डस्टिन हॉफमन, हॅली बेरी, सेरा सिल्व्हरमन आदी ख्यातनाम नटनटी त्यात एकामागून एक समोर येतात आणि प्रेक्षकाकडे रोखून पाहत 'मत देऊ नका' असे बजावतात. काही वेळ हाच घोष चालतो. मग त्या वाक्याला एक शेपूट जोडले जाते : अमुक प्रश्नाची तुम्हांला काळजी असेल, तमुक प्रश्नाविषयी आस्था असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. अखेरीस मतदार म्हणून नाव नोंदवा आणि हा पट आपल्या पाच मित्रांकडे धाडा, असे सरळ आवाहन येते. दहा वर्षांनी, २०१८ च्या मध्यावधी निवडणुकांपूर्वी, 'अ‍ॅक्रोनिम' या संस्थेच्या 'नॉक द व्होट' नामक मोहिमेने याच जातीचा दुसरा पट काढला. त्यात सुखवस्तू वृद्ध स्त्रीपुरुष तरुणांना उद्देशून म्हणतात की, तुम्ही मत देऊ नका. आमचे उत्तम चालले आहे. हवामान बिघडले तर ते तुम्हांला भोगावयाचे आहे, आम्ही तोवर असणार नाही. तुम्ही फार तर मोर्चे काढाल, पण मत देणार नाही. आम्ही मात्र देऊ.

या दोन्ही पटांची वाखाणणी 'रिव्हर्स सायकॉलॉजी'चा प्रयोग म्हणून झाली. या संज्ञेसाठी प्रस्तुत लेखात 'विपरीत प्रेरणा' हा शब्द योजिला आहे. जे करवून घ्यावयाचे त्याच्या उलट सांगावे, म्हणजे ऐकणारा हट्टास पेटून नेमके हवे तेच करतो, अशी ही कल्पना आहे. जेवताना कुरकुर करणाऱ्या मुलाला 'नको जेवूस, तुझा घास मी चिऊला देते' असे सांगणाऱ्या आईला ही युक्ती ठाऊक असते. प्रश्न असा की, मतदानास उदासीन असलेल्या प्रौढ नागरिकावर ती चालते काय?

या प्रश्नाच्या चर्चेत दोन निराळ्या गोष्टींची गल्लत नेहमी होते. 'मत देऊ नका' हे वाक्य कोणत्या प्रकारची उक्ती आहे, हा एक प्रश्न; आणि त्या उक्तीने मतदानात वाढ होते काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर भाषाविचारात शोधावयाचे, दुसऱ्याचे प्रयोगात. पहिल्याचा निर्णय नीट न लावता दुसऱ्याकडे धाव घेतल्यामुळे या जाहिरातींना जे श्रेय दिले गेले ते त्यांच्याकडे क्वचितच जाते.

२

विपरीत प्रेरणेला शास्त्रीय आधार म्हणून ज्या उपपत्तीचा हवाला दिला जातो ती जॅक ब्रेम यांनी १९६६ साली ग्रंथरूपाने मांडली. तिचा सारांश असा : मनुष्याला जे स्वातंत्र्य आपले वाटते त्यावर कोणी घाला घालू पाहिले, तर ते परत मिळविण्याची एक ओढ त्याच्या ठायी उत्पन्न होते, आणि निषिद्ध गोष्ट त्याला अधिक हवीशी वाटू लागते. या उपपत्तीत दोन अटी अनुस्यूत आहेत. एक, ते स्वातंत्र्य त्या माणसाला मोलाचे वाटत असले पाहिजे. दुसरी, ते हिरावले जाण्याची भीती त्याला खरी वाटली पाहिजे.

२००८ च्या पटास या अटी लावून पाहाव्यात. जो मतदानास उदासीन आहे त्याला मत देण्याचे स्वातंत्र्य मोलाचे वाटत नाही. तसे ते वाटत असते तर जाहिरातीची गरजच पडली नसती. पहिली अट येथेच ढासळते. दुसरीची गत याहून वाईट. पडद्यावरील नट प्रेक्षकाचे मत हिरावून घेऊ शकत नाही, आणि तो ते घेऊ इच्छीत नाही हे प्रेक्षकही जाणतो. आईच्या युक्तीत निदान घास चिऊकडे जाण्याचे भय तरी असते. येथे कोणताच घास कोठे जात नाही. २०१८ च्या पटात मात्र दुसरी अट काही अंशी पुरी होते. तेथील वृद्ध खरोखरच मत देणार असतात, आणि त्यांच्या मतांचा भार तरुणांच्या भवितव्यावर पडणार असतो. तथापि हा धाक 'आम्ही देणार' या विधानातून येतो, 'तुम्ही देऊ नका' या निषेधातून नव्हे.

याहून मूलगामी आक्षेप असा की, विपरीत प्रेरणा सफल व्हावयाची तर तिचा हेतू गुप्त राहावा लागतो. मुलाला आईचा डाव कळला की तो निष्फळ होतो. या जाहिराती मात्र आपला डाव कळावा म्हणूनच रचलेल्या आहेत. प्रेक्षकाला तो न कळल्यास त्या फसल्या असेच म्हणावे लागेल. जी उक्ती आपला खरा हेतू ओळखला जावा म्हणून उलट बोलते तिला उपरोध म्हणतात. तेव्हा या जाहिरातींना विपरीत प्रेरणेचे उदाहरण मानणे ही वर्गीकरणाचीच चूक होय. त्या उपरोधिक उक्ती आहेत, आणि त्यांच्या बलाबलाचा विचार उपरोध म्हणूनच केला पाहिजे.

३

निषेधाच्या शब्दांतून विधी सुचविण्याचा हा प्रकार भारतीय साहित्यशास्त्रास मुळीच नवा नाही. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या पहिल्या उद्द्योतात वाच्यार्थाहून व्यंग्यार्थ भिन्न असतो हे सिद्ध करताना जी उदाहरणे घेतली, त्यांतील दोन येथे थेट लागू पडतात. दोन्ही महाराष्ट्री प्राकृतात असून 'गाथासप्तशती'त सापडतात. पहिल्या गाथेत एक स्त्री धार्मिक गृहस्थाला सांगते की, तू खुशाल हिंड, तुला त्रास देणाऱ्या कुत्र्याला सिंहाने मारले आहे. शब्द अनुज्ञेचे, अर्थ मात्र 'इकडे फिरकू नकोस' असा. दुसऱ्या गाथेत गृहिणी रातआंधळ्या वाटसरूला सासूची शय्या कोठे आणि आपली कोठे हे दिवसाउजेडी दाखवून ठेवते आणि आमच्या अंथरुणावर येऊन पडू नकोस असे बजावते. येथे वाच्य निषेधरूप, व्यंग्य विधिरूप. 'मत देऊ नका' ही जाहिरात या दुसऱ्या गाथेच्या जातीची आहे.

मात्र निषेधातून विधी निघतो तो त्या शब्दांत मुळीच नसतो. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या तिसऱ्या उल्लासात असा व्यंग्यार्थ कशाकशाच्या वैशिष्ट्याने प्रतीत होतो त्याची यादी दिली आहे : वक्ता कोण, बोद्धव्य म्हणजे ज्याला उद्देशून बोलावयाचे तो कोण, काकू म्हणजे स्वराचा हेल कसा, वाक्य आणि वाच्य कोणते, जवळ आणखी कोण आहे, प्रसंग, देश आणि काळ कोणता. पॉल ग्राइस यांनी १९६७ च्या व्याख्यानांत संभाषणातील सूचितार्थाची जी मीमांसा केली तिचा रोखही, परिभाषा वेगळी असली तरी, वाच्यार्थ आणि प्रसंग यांच्या मेळातून श्रोता अभिप्रेत अर्थापर्यंत कसा पोहोचतो याकडेच आहे. मम्मटाची यादी येथे अधिक उपयोगाची. कारण ती बोद्धव्याला स्वतंत्र स्थान देते, आणि या जाहिरातींचे मर्म बोद्धव्यातच दडले आहे.

गाथेतील गृहिणीचे वाक्य दोघांच्या कानी पडते. सासूला निषेध ऐकू येतो, वाटसरूला आमंत्रण. ज्याच्यासाठी आमंत्रण आहे त्यालाच ते कळते, म्हणून उक्ती सफल होते. जाहिरातीत हा क्रम उलटतो. मतदान महत्त्वाचे आहे असे आधीच मानणाऱ्या प्रेक्षकाला उपरोध तत्काळ कळतो, पण त्याला आवाहनाची गरज नसते. मत देऊन काय होणार, असे प्रामाणिकपणे मानणाऱ्याला 'मत देऊ नका, कोणाला पर्वा आहे' हे वाक्य उपरोधिक वाटण्याचे कारण नाही. ते त्याच्याच मताचा प्रतिध्वनी होय. ज्याला आमंत्रण द्यावयाचे त्याला सासूच्या जागी बसवून निषेध ऐकविला जातो, आणि ज्याला निषेधही पुरेसा होता त्याला आमंत्रण मिळते.

काकूचा प्रश्नही याला लागूनच आहे. मराठीत साधा निषेध 'मत देऊ नका' असा येतो. पण बोलताना क्रम फिरवून 'नका देऊ मत, माझे काय जाते!' असे म्हटले की आव्हानाची किंवा रुसव्याची छटा लगेच उमटते. हा क्रमपालटही पुरेसा निर्णायक नाही, कारण काकुळतीची विनवणीही याच क्रमाने येते. तरीसुद्धा मराठी भाषकाच्या हाती निदान एक व्याकरणिक खूण असते. इंग्रजीतील निषेधार्थी आज्ञार्थाला असा क्रमपालट सहज मानवत नाही. तेथे सारा भार स्वरावर, चेहऱ्यावर आणि पुढे येणाऱ्या शेपटावर पडतो. शेपूट येण्यापूर्वीच ज्याने पट पाहावयाचे सोडले त्याच्या पदरी नुसता निषेध पडतो.

४

केवळ शब्दांवरून अर्थ ठरत नाही, हे दाखवून देणारे उदाहरण अमेरिकेच्याच राजकारणात घडले. २०१० च्या ऑक्टोबरात, म्हणजे पहिल्या पटानंतर दोनच वर्षांनी, 'लॅटिनोज फॉर रिफॉर्म' या पुराणमतवादी गटाने नेव्हाडा राज्यातील स्पॅनिशभाषक मतदारांसाठी स्पॅनिश व इंग्रजी या दोन्ही भाषांत जाहिरात काढली. स्थलांतरितांविषयीच्या कायद्यात सुधारणा करण्याचे वचन डेमोक्रॅटिक पक्षाने पाळले नाही, म्हणून या नोव्हेंबरात मत देऊ नका, असा तिचा संदेश होता. येथे उपरोध नव्हता. निषेध अक्षरशः अभिप्रेत होता. युनिव्हिजन या स्पॅनिश दूरचित्रवाणी-संस्थेने ती जाहिरात दाखविण्याचे नाकारले.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने २००८ आणि २०१० या जाहिराती म्हणजे जणू एक लघुतम युग्म आहे. आज्ञार्थ तोच, क्रियापद तेच; भेद केवळ वक्त्याच्या हेतूचा. दोन्हींत मतदारांना जिव्हाळ्याच्या वाटणाऱ्या प्रश्नांचाही उल्लेख आहे; एकीत ते मत देण्याचे कारण म्हणून येतात, दुसरीत न देण्याचे. ज्या श्रोत्याला वक्ता अपरिचित आहे त्याने या दोहोंतला फरक कसा ओळखावा?

ही केवळ शास्त्रीय शंका नव्हे. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने 'इंटरनेट रिसर्च एजन्सी' या रशियन संस्थेवर जे आरोपपत्र ठेवले त्यात असे नमूद आहे की, २०१६ च्या उत्तरार्धात या संस्थेच्या माणसांनी अमेरिकन नागरिकांचे सोंग घेऊन अल्पसंख्य समाजांना मत न देण्यास प्रोत्साहन दिले. सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालखंडात या संस्थेचा सर्वाधिक रोख कृष्णवर्णीय अमेरिकनांवर होता असा निष्कर्ष काढला. येथे वक्ताच खोटा होता. मम्मटाच्या यादीतील पहिले अंगच लबाड असले तर श्रोत्याने पुढचा अर्थ कशावरून लावावा? ज्या समाजाला मतपेटीपासून दूर ठेवण्याचे प्रयत्न पिढ्यान्‌पिढ्या झाले, त्याच्या कानी पडणारे 'मत देऊ नका' हे वाक्य आणि हॉलिवुडमधील नटाच्या तोंडचे तेच वाक्य ही दोन निरनिराळ्या वजनांची वाक्ये आहेत. उपरोधकर्त्याने हे वजन जमेस धरलेले दिसत नाही.

५

आता परिणामांचा प्रश्न. २०१८ च्या पटाच्या यशाचा पुरावा म्हणून तरुणांच्या मतदानातील वाढ पुढे केली जाते. सेन्सस ब्युरोच्या पाहणीनुसार १८ ते २९ या वयोगटातील मतदान २०१४ मधील शेकडा २० वरून २०१८ मध्ये शेकडा ३६ वर गेले. वाढ लक्षणीय आहे यात संशय नाही. परंतु त्याच पाहणीत ६५ वर्षांवरील नागरिकांचे मतदान शेकडा ५९ वरून ६६ वर, आणि एकंदर मतदान सुमारे ४२ वरून ५३ वर गेल्याचे दिसते. ज्या निवडणुकीत सर्वच वयोगट मतपेटीकडे लोटले, तिच्यातील एका गटाच्या वाढीचे श्रेय एका जाहिरातीस देणे म्हणजे कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास गाठ पडली, तिला कार्यकारणभाव मानणे होय. २००८ चे आकडे तर इतकेही बोलके नाहीत. १८ ते २४ या वयोगटाचे मतदान २००४ मधील शेकडा ४७ वरून ४९ वर गेले, इतकेच.

जाहिरातीचा परिणाम मोजता येत नाही असे नाही. डोनाल्ड ग्रीन आणि लिन व्हॅव्हरेक यांनी २००४ च्या निवडणुकीत ८५ केबल-क्षेत्रे यदृच्छेने दोन गटांत वाटून, एकात तरुणांसाठीच्या जाहिराती दाखवून व दुसऱ्यात न दाखवून, असे मापन केले होते. अशी तुलना जेथे झाली आहे तेथील निष्कर्ष विपरीत प्रेरणेच्या कल्पनेला पोषक नाहीत. ॲलन गर्बर, ग्रीन आणि क्रिस्टोफर लॅरिमर यांनी ऑगस्ट २००६ मध्ये मिशिगन राज्यात सुमारे १,८०,००० कुटुंबांवर केलेला प्रयोग प्रसिद्धच आहे. ज्यांना काहीच पाठविले नाही त्यांचे मतदान शेकडा २९.७ होते. मतदान हे नागरिकाचे कर्तव्य आहे एवढेच सांगणारे पत्र ज्यांना गेले त्यांचे ३१.५; मतदान करता की नाही याचा अभ्यास चालू आहे असे ज्यांना कळविले त्यांचे ३२.२, स्वतःच्या घरातील मतदानाची नोंद ज्यांना दाखविली त्यांचे ३४.५, आणि शेजाऱ्यांच्या नोंदीसह ज्यांना ती दाखवून, निवडणुकीनंतर अशीच यादी पुन्हा धाडली जाईल असे सांगितले, त्यांचे ३७.८. ब्रेम यांची उपपत्ती येथे जशीच्या तशी लागू पडती, तर सर्वांत दडपण आणणाऱ्या शेवटच्या पत्राने लोक हट्टास पेटून घरी बसावयास हवे होते. घडले उलट. सरळ सांगण्याने आणि लोकलज्जेने मतदान वाढले. अशी पत्रे शिष्टसंमत आहेत काय, हा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. पण दडपणाने माणूस आपोआप उलट वागतो, हे गृहीत त्यांनी निश्चितच डळमळीत केले.

दुसरा पुरावा २०१८ च्या पटाला अधिक अडचणीचा आहे. 'तुम्ही मत देणार नाही' हा त्यातील टोमणा आहे, आणि टोमणा असला तरी वस्तुस्थितीचे विधानही आहे. तरुण मत देत नाहीत ही माहिती तो तरुणांना पुरवितो. गर्बर आणि टॉड रॉजर्स यांनी २००५ साली न्यू जर्सीत आणि २००६ साली कॅलिफोर्नियात दूरध्वनीवरून काही मतदारांना यंदा पुष्कळ लोक मत देणार असे सांगितले, तर काहींना मतदान फार थोडे होणार असे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या प्रकारच्या संदेशाने मत देण्याचा मनोदय अधिक बळावल्याचे दिसले, आणि हा फरक अधूनमधून मत देणाऱ्यांत सर्वाधिक होता. अर्थात येथे मनोदय मोजला होता, प्रत्यक्ष मतदान नव्हे. रॉबर्ट चाल्डिनी व सहकाऱ्यांचा ॲरिझोनातील अश्मीभूत अरण्यातला प्रयोगही याच दिशेने बोट दाखवितो. पूर्वीच्या पुष्कळ पर्यटकांनी लाकडाचे तुकडे उचलून नेले, अशी हळहळ व्यक्त करणारा फलक जेथे होता तेथे खूण करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी शेकडा ७.९२ चोरीस गेले; उचलू नका अशी साधी विनंती जेथे होती तेथे अवघे १.६७. साधा निषेध येथे निषेध म्हणूनच पाळला गेला. 'सगळेच तसे करतात' ही माहिती मात्र अनुकरणास कारण झाली.

६

मग या जाहिरातींत गुण काहीच नाहीत काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी लक्ष वेधले, आणि निवडणुकीच्या गदारोळात लक्ष वेधणे ही लहान गोष्ट नव्हे. २००८ चा पट अनेक राज्यांत नावनोंदणीची मुदत संपण्याच्या सुमारास आला, त्याने नोंदणीची वाट दाखविली आणि मित्राकरवी मित्राला आवाहन पोचविले. यातील प्रत्येक गोष्ट उपयोगाची आहे. परंतु यातील एकही गोष्ट उपरोधावर अवलंबून नाही. पटाच्या अखेरीचा सरळ भाग काढून टाकला तर उरते ती करमणूक. आरंभीचा उपरोध काढून टाकला तर आवाहन शाबूत राहते, फक्त ते पाहणारे कदाचित कमी होतील. उपरोधाने प्रेक्षक जमविला, प्रेरणा दिली ती सरळ वाक्याने, असे फार तर म्हणता येईल.

भाषाभ्यासकांनी या प्रकरणातून आपल्यापुरताही एक धडा घ्यावयास हवा. शब्दयोजनेतील सूक्ष्म फरकाने वर्तन पालटते हा विचार आपल्या विषयास गौरवास्पद वाटतो, म्हणून तो चटकन स्वीकारला जातो. २०११ साली क्रिस्टोफर ब्रायन व सहकाऱ्यांनी 'मत देणे' या क्रियापदाऐवजी 'मतदार असणे' हे नाम योजून प्रश्न विचारल्यास मतदान वाढते, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला, आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. २०१६ साली गर्बर व सहकाऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर केलेल्या प्रयोगात तो परिणाम आढळला नाही. त्यावरचा वाद पुढेही चालू राहिला. नाम की क्रियापद या फरकाची जेथे ही कथा, तेथे विधी की निषेध या फरकावर निवडणुकीचे भवितव्य टांगणे धाडसाचे आहे.

विपरीत प्रेरणा मतदानाच्या जाहिरातीत चालते काय, या प्रश्नास तेव्हा असे उत्तर द्यावे लागते की, ज्या जाहिरातींच्या आधारे तो विचारला जातो त्यांत विपरीत प्रेरणा नाहीच. त्यांत उपरोध आहे, आणि उपरोधास सहमत श्रोता लागतो. गाथेतील वाटसरू आणि गृहिणी यांच्यात न बोललेली एक समजूत आधीच झालेली होती, म्हणून निषेधातून आमंत्रण निघाले. उदासीन मतदार आणि जाहिरातदार यांच्यात ती समजूत नसते; तिचा अभाव म्हणजेच उदासीनता. जी समजूत निर्माण करावयाची तीच गृहीत धरून बोलणे, हा या जाहिरातींचा मूळ दोष होय. मत देऊन काय होणार, असे जो खरोखरच विचारीत आहे त्याला उत्तर हवे असते. त्याच्याच प्रश्नाची नक्कल करून दाखविल्याने ते त्याला मिळत नाही.